चाकावरून अंगठा फिरवताना

लाकडी ट्रकच्या चाकाला बारीक खाचा असतात, टायरवर असतात तशा. तुम्ही त्या पाहिल्या नसतील तरी बिघडत नाही. खेळणं हातात घेऊन मोठं माणूस चाक थोडंच बघतं? पण त्या खाचा एकसारख्या पडाव्यात म्हणून एक साधन लागतं, आणि ते साधन बनवायला कुणीतरी लागतं. अंबडला आमच्या दोन खोल्यांपुढे पत्र्याची शेड होती. तिच्यात बसून पंधराएक वर्षं ते काम मी केलं. मी आणि आमच्या ह्यांनी. घरात मी 'अहो' म्हणायची, बाकी सगळे त्यांना नाना म्हणायचे. म्हणून इथंही नानाच लिहिते.

ह्या अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "आजी, बोलता तसंच लिहा." आता मला बोलायला सांगितल्यावर मी कुठं थांबणार! मध्ये भरकटले तर सांभाळून घ्या.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक मोटार, तिला गोल पातं. पात्यासमोर पुढे-मागे सरकणारी फळी. फळीवर एक दांडी आडवी बसवलेली. दांडीच्या एका टोकाला खेळण्याचं लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला दात असलेलं दुसरं चाक, म्हणजे गिअर. गिअरच्या दातात एक खटका अडकतो. फळी पुढे ढकलली की पातं लाकडी चाकाला एक खाच पाडतं. फळी मागे घ्यायची, खटका उचलायचा, गिअर एक दात फिरवायचा, टक् करून खटका बसला की परत पुढे. गिअरला जेवढे दात तेवढ्या खाचा. एवढंच. ह्या सगळ्या मांडणीला कारखान्यात जिग म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो.

नाना मूळचे पॅटर्न मेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडाचा नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. त्यांच्या खात्यात एक रीत होती. जो रिटायर होईल त्यानं शेवटच्या दिवशी हातानं काहीतरी छोटं बनवायचं आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायचं. कुणी भोवरा नेला, कुणी लाटणं, एकानं तर नुसता एक घोटीव गोळा नेला होता. साहेब लोकांना माहीत होतं, कुणी डबा उघडून बघायचं नाही. नानांनी आपलं ठरवून ठेवलं होतं, नातीसाठी कुंकवाचा करंडा करायचा. तेव्हा आम्हाला नात नव्हती, मुलीचं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

करंडा झाला नाही. एका सोमवारी सकाळी नाना सायकलवरून गेले आणि तासाभरात परत आले. गेटवर कागद चिकटवला होता. कारखाना बंद. आत टेबलावर त्यांचं अर्धं झालेलं काम, लाकूड कोरायच्या त्यांच्या पटाश्या, चहाचा कप, सगळं तसंच राहिलं. पटाश्या तीन महिन्यांनी मिळाल्या. नाना त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "आदल्या शनिवारी कळलं असतं तर." मला वाटलं, नोकरीबद्दल म्हणतायत.

मग शेड घातली. मोठ्या कंपन्यांची छोटी कामं यायची. त्यात एक दिवस दिंडोरीहून दगूभाऊ आले.

दगूभाऊंचा धंदा द्राक्षांच्या लाकडी पेट्या ठोकायचा. मग पुठ्ठ्याचे खोके आले आणि त्यांच्या हातोडीला काम उरलं नाही. घरात लाकूड पडलेलं, बसून काय करायचं, म्हणून त्यांनी खेळण्यातले ट्रक, ट्रॅक्टर करायला घेतले. चाकाच्या खाचा हातानं करवतीनं पाडायचे, त्या एकीकडे दाट, एकीकडे विरळ. गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

ट्रकच्या चाकाचं जिग नानांनी सहज करून दिलं. पण ट्रॅक्टरच्या वेळी दगूभाऊ अडून बसले.

"तेवीस खाचा पाह्यजेत, वहिनी."

"चोवीस घ्या की, सोपं पडतं."

"आवो, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरभोवती दोनदा बसून मोजलंय मी. तेवीस म्हंजी तेवीस."

"पोरगं मोजणार आहे का?"

"पोरगं नाय मोजनार. पर पोराचा बाप ट्रॅक्टरवाला हाय, तो मोजल!"

आता वर्तुळाचे चोवीस भाग कंपासनं होतात, तेवीस होत नाहीत. नाना दोन दिवस कागद खरडत बसले. मी शेजारणींच्या मुलींचे फ्रॉक शिवायची, घेराला सारख्या चुण्या पाडायला माझी एक युक्ती होती. तीच वापरली. गिअरसाठी मोठ्या पुरीएवढी प्लायची चकती घेतली, तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून बरोबर घेराएवढी कापली. रेघांची मोठी वही उघडून दोन्ही पानांवर ती पट्टी तिरकी ठेवली, एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं चोविसाव्या रेघेवर. मधल्या प्रत्येक रेघेशी खूण केली. पट्टी परत चकतीवर चिकटवली. झाले तेवीस सारखे भाग. नानांनी मोजले, परत मोजले, आणि म्हणाले, "सातवी शिकलीस ना गं तू? मग पुढं कशाला शिकायचं?"

तेव्हापासून गिअर माझ्याकडे आले. दात पाडणं, खटका घासणं, स्प्रिंगचा जोर जमवणं, सगळं. मी डावखुरी. माहेरी डाव्या हातावर पट्टी खाऊन मोठी झाले, सासरी जेवताना सासूबाई ताटाकडे बघत राहायच्या. नानांनी मात्र पहिल्याच दिवशी माझ्यासाठी डाव्या हाताच्या पकडीची कानसेची मूठ करून दिली. म्हणाले, "लाकडाला कुठं कळतं कुठला हात आहे ते." हे वाक्य लक्षात ठेवा.

चुकाही केल्या. ट्रॅक्टरच्या टायरवरची नक्षी तिरकी असते. आम्ही हौसेनं तिरक्या खाचांचं जिग केलं, दगूभाऊंना चार चाकं कापून दिली. ते दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर जोडूनच घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"नाना, ह्यो ट्रॅक्टर ह्या बाजूनं पुढं चाललाय, अन् त्या बाजूनं माघारी."

खरंच की! सगळी चाकं एकाच अंगाची कापलेली. एका बाजूला नक्षी सुलटी, दुसऱ्या बाजूला उलटी. चप्पल शिवणाऱ्यानं दोन्ही डाव्याच शिवाव्यात तसं. मग डाव्या बाजूचं जिग वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. आम्ही तिघं किती हसलो होतो त्या दिवशी. दगूभाऊंनी तो उलटा ट्रॅक्टर नेला नाही, आमच्याकडेच ठेवला. अजून आहे.

पुढे दिंडोरीला लाइटचा भरवसा राहिला नाही, म्हणून दगूभाऊ म्हणाले, चाकंही तुम्हीच कापून द्या. ट्रकची, सरळ खाचांची. ते काम नानांनी घेतलं. मी गिअर करायची, ते चाकं. खाच पाडली की कडेला लाकडाचं तूस राहतं, ते लहान मुलांच्या बोटांना लागू नये म्हणून प्रत्येक खाचेवरून एकदा कानस ओढायची. दिसायला शेवटचं, किरकोळ काम. नानांचं ते सगळ्यात आवडतं. चाकाची पुढची बाजू स्वतःकडे धरायची, कानस ओढायची, मग अंगठा फिरवून बघायचा. डोळ्यांनी बघायचेच नाहीत.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची. मग डॉक्टरांना दाखवलं, कंपवात आहे असं कळलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" नाना म्हणाले, "खेळणी." डॉक्टर हसून म्हणाले, "मग काळजी नाही."

कशी काळजी नाही? त्यांच्याकडून खटका उचलताना एकाऐवजी दोन दात फिरायचे, चाक वाया जायचं. नाना ते चाक बाजूला ठेवायचे. मी म्हटलं, ह्यावर माझ्याकडे इलाज आहे. मी असा खटका केला की दांडा एकदा ओढला की गिअर एकच दात फिरणार, तुम्ही कितीही हलवा. सहा महिने निभावलं. मग फळी सरळ ढकलता येईना, तर मी दोन्ही बाजूंनी आडवे ठोकळे बसवले, मुठीला जड लोखंड लावलं. मग दांडा हाताऐवजी पायानं चालेल असं पॅडल केलं. दर काही महिन्यांनी हात एक पाऊल मागे जायचा आणि मी जिग एक पाऊल पुढे न्यायची. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या ओळखीचा एक टर्नर बघायला आला आणि म्हणाला, "काकू, हे कारखान्यात असतं तर तुमचं नाव फळ्यावर लिहिलं असतं."

नाना स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आता फक्त माणूस बसवला नाही तरी चालेल, एवढंच बाकी आहे." आम्ही हसलो. मी जरा जास्तच मोठ्यानं हसले.

पण कानसेला जिग नव्हतं. कानस हातातच धरावी लागते. ती घसरायची, दोन खाचांमधला लाकडाचा दात टवका उडून पडायचा. शिवणीचं लाकूड, मऊ. सकाळभरात वीस-पंचवीस चाकं व्हायची, त्यातली पाच-सहा खराब. मग दहा. नाना ती पाटीत टाकायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "उद्या जमेल." ते जमणं त्यांच्यासाठी काय होतं हे मला दिसत होतं. अंघोळ करून, शर्ट घालून, आठ वाजता शेडमध्ये जाणं. एवढंच त्यांचं उरलं होतं.

मग मी ते केलं, जे सांगायला एवढं लिहीत आलेय.

दुपारी जेवून नाना आडवे व्हायचे. त्या तासाभरात मी पाटीतली खराब चाकं काढून घ्यायची, तेवढीच नवी कापायची, कानस मारायची आणि त्यांच्या चांगल्या चाकांत मिसळून गोणीत भरायची. खराब चाकं दुसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या बंबात. चहाच्या वेळी नाना गोणी उचलून बघायचे. मी म्हणायची, "बघा, बरीच झाली की आज. पाटीतली दोन-चार तर नुसती पॉलिश पेपर मारून सुधारली मी." ते मान हलवायचे.

एकदा सकाळी अंघोळीला जाताना थांबून म्हणाले, "बंबात शिवण जळतीय."

"तुकडे आहेत हो. कापाकापीतले."

"हं," म्हणाले, "चांगलं तापतं शिवणीनं पाणी." आणि आत गेले.

पॅटर्न मेकर माणूस, धुराच्या वासावरून लाकूड ओळखणारा. त्याच्या अंघोळीचं पाणी मी त्याच्याच चाकांवर तापवत होते, आणि मला वाटत होतं त्याला कळत नाही. सात-आठ महिने असं चाललं.

मग एका सकाळी दगूभाऊ आले, काखेत गोणी. नाना स्टुलावर होते, मी चहा टाकला होता. दगूभाऊंनी गोणीतून दोन चाकं काढून टेबलावर ठेवली आणि डोक्यावरची टोपी उगीच सारखी केली.

"नाना, रागावू नका. चाकं चांगली हायेत. पर आई म्हनती, ह्या गोणीत दोन मान्सांची चाकं हायेत."

दगूभाऊंच्या आईंना दिसायचं बंद झालेलं होतं. पण चाकांना मेण लावायचं काम त्याच करायच्या, ओट्यावर बसून, एकेक चाक हातात फिरवत.

मी किटली घेऊन उभी राहिले ती तशीच. नानांनी एक चाक घेतलं, पुढची बाजू स्वतःकडे केली, अंगठा फिरवला. ठेवलं. दुसरं घेतलं, अंगठा फिरवला. मग परत पहिलं.

तुम्हाला सांगते काय होतं ते. उजव्या हातानं कानस ओढली की प्रत्येक खाचेची एक कड जास्त घासली जाते. डाव्या हातानं ओढली की दुसरी. नानांच्या चाकावर अंगठा उजवीकडे फिरवला तर गुळगुळीत जायचा, डावीकडे फिरवला तर जरा लागायचा. टोचायचा नाही, नुसता कळायचा. माझ्या चाकाचं नेमकं उलटं. त्याआधी एवढी वर्षं मी कधी चाकाला कानस मारलीच नव्हती, त्यामुळे माझ्या हे कधी ध्यानातच आलं नाही. लाकडाला हात कळत नाही म्हणे. आंधळ्या बाईच्या अंगठ्याला कळला.

दगूभाऊ अवघडून म्हणाले, "म्हंजी काय, दुसरा कामाला ठिवला असंल तर ठिवा की. मला चालतंय."

नाना म्हणाले, "दुसरं कोण ठेवणार? माझीच आहेत दोन्ही. उजवा हात दुखला की अलीकडे मी डाव्यानं घासतो."

"असं व्हय! मी म्हनलोच आईला, नाना हायेत ते, दोन्ही हात चालत्यात त्यांचे!" दगूभाऊंच्या जिवात जीव आला. चहा पिऊन, आईला माझा नमस्कार घेऊन ते गेले.

शेडमध्ये आम्ही दोघंच. मी बशा गोळा करत राहिले. मोटार बंद होती. नाना त्या दोन चाकांकडे बघत होते.

"सुमन," ते म्हणाले, "माझं शेवटचं चाक कुठलं?"

"असं काय विचारता? उद्या करालच की अजून."

"ते नाही विचारत. माझ्या हातानं नीट झालेलं शेवटचं चाक. ते कुठलं?"

मला आधी कळेना. मग ते हळूहळू बोलले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पाटीत खराब चाकं वाढायला लागली तेव्हाच ठरवलं होतं. मोजत जायचं. ज्या दिवशी दिवसभरात एकच चाक चांगलं निघेल, ते खिशात घालायचं, कानस पुसून ठेवायची आणि शेडचं दार लावून यायचं. कारखान्यात ते राहून गेलं होतं. इथं तरी आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटत होतं.

"पण रोज गोणी भरलेली दिसायची," ते म्हणाले. "मी म्हणायचो, अजून जमतंय. शिवणीचा वास यायचा तरी म्हणायचो, जमतंय. तू म्हणत होतीस ना."

गेटवर कागद चिकटवणाऱ्याला तरी माझा नवरा माहीत नव्हता.

मी वेड्यासारखी शेडमधली भरलेली गोणी उपडी केली. म्हटलं, थांबा, शोधू. दोघंही खाली बसलो, एकेक चाक घेऊन अंगठा फिरवत. गुळगुळीत उजवीकडे, हे तुमचं. गुळगुळीत डावीकडे, हे माझं. दोन ढीग झाले. माझा मोठा होता. त्यांचा ढीग बघून मी म्हटलं, "ह्यातलंच एक आहे. घ्या ना कुठलंही."

"मग ते कुठलंही झालं," नाना म्हणाले.

"आत्ता करा एक. मी मोटार लावते."

ते बसले. जिगनं अठरा खाचा चोख पाडल्या, टक्, टक्, पॅडलवर पाय ठेवून. मग त्यांनी कानस घेतली. सहाव्या खाचेला टवका गेला. दुसरं घेतलं, चौथ्याला गेला. तिसरं घेतलंच नाही. कानस फडक्यानं पुसली, खिळ्याला अडकवली, आणि दार न लावता घरात गेले. दार मी लावलं.

त्यानंतर नाना चार वर्षं होते. ओट्यावर बसायचे. माझ्यावर रागावले नाहीत कधी. रागावले असते तर बरं झालं असतं. नात झाली, तिचं कौतुक केलं, करंड्याचं नाव काढलं नाही. मी गिअर करत राहिले, मग प्लॅस्टिकच्या गाड्या आल्या आणि तेही थांबलं. मी कानस मारलेली चाकं मात्र परत कुणाला विकली नाहीत. दगूभाऊंना सांगितलं, खाचा पाडून देईन, कानस तुमच्याकडे मारून घ्या.

लोक म्हणतात, तू त्यांच्यासाठी एवढं केलंस. केलं. सहा खटके केले, पॅडल केलं. एकदाही विचारलं नाही की अहो, ह्यानंतर काय करायचं ठरवलंय? विचारायला काय लागतं? पण मला वाटायचं, विचारलं तर त्यांना कळेल. आणि त्यांना तर सगळं माझ्याआधीच कळत होतं.

मागच्या वर्षी दगूभाऊंच्या नातीच्या साखरपुड्याला दिंडोरीला गेले होते. आई आता नाहीत. आत कपाटावर जुना ट्रक दिसला, रंग उडालेला, एक दोरी बांधलेली.

दगूभाऊ म्हणाले, "तुमच्याच शेडमधला हाय वहिनी. शेवटच्या शेवटच्या गोणीतला. तीन पोरं खेळली त्याच्यावर."

मी तो खाली काढून मांडीवर घेतला. बाहेर जेवणाच्या पंगती बसत होत्या, कुणीतरी मला हाक मारत होतं. मी चाकाची पुढची बाजू माझ्याकडे केली, अंगठा ठेवला आणि उजवीकडे फिरवला. गुळगुळीत. म्हणजे नानांचं.

मग डावीकडे फिरवला. तेही गुळगुळीत. चारही चाकं पाहिली. तीन पोरांनी इतक्या वर्षांत फरशीवरून, मातीतून ओढून ओढून दोन्ही कडा सारख्याच झिजवल्या होत्या.

"काय बघताय एवढं?" दगूभाऊंनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "चांगलं फिरतंय अजून."